टॉम विल्स

थॉमस वेंटवर्थ विल्स (१९ ऑगस्ट, १८३५ – २ मे, १८८०) हे एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळाच्या प्रमुख जनकांपैकी एक होते. मेलबर्न येथे १८५९ साली या खेळाचे पहिले दहा नियम ज्यांनी लिहून काढले, त्या मोजक्या मंडळींत त्यांचा समावेश होता. आपल्या काळात ते व्हिक्टोरिया वसाहतीचे सर्वांत नामांकित क्रिकेटपटू समजले जात. १८६६-६७ च्या उन्हाळी मोसमात व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातील खेडवळ वस्तीत जमलेल्या आदिवासी क्रिकेट संघाचे ते प्रशिक्षक आणि कर्णधार होते. त्याआधी अवघ्या पाच वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांची क्वीन्सलंडमध्ये आदिवासींकडून हत्या झाली होती. या दोन घटनांचा परस्परसंबंध कसा लावायचा, हा त्यांच्या चरित्रकारांपुढील सर्वांत अवघड प्रश्न राहिला आहे.

पूर्वज आणि बालपण

विल्स यांचे आजोबा एडवर्ड विल्स यांना इंग्लंडमध्ये वाटमारीच्या गुन्ह्यासाठी देहदंड झाला होता. पुढे तो सौम्य करून त्यांना काळ्या पाण्यावर धाडण्यात आले आणि १७९९ मध्ये ते सिडनीला पोहोचले. शिक्षेतून सुटल्यावर व्यापारात त्यांनी चांगला जम बसविला. त्यांचे पुत्र होरेशियो यांचा जन्म १८११ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर झाला. होरेशियो यांनी तरुणपणी सिडनीत एक वृत्तपत्र चालविले आणि नंतर मेंढपाळीच्या व्यवसायात प्रवेश केला. कैद्याच्या कुळाचा शिक्का पुसून आपल्या मुलाने प्रतिष्ठित गृहस्थ व्हावे, ही त्यांची तीव्र आकांक्षा होती. न्यू साउथ वेल्समधील राजकारणी विल्यम चार्ल्स वेंटवर्थ यांच्या नावावरून त्यांनी आपल्या ज्येष्ठ पुत्राचे नाव ठेवले.

टॉम यांचा जन्म आजच्या कॅनबेराजवळील मोलोंग्लोच्या मैदानी प्रदेशात झाला. ते लहान असतानाच कुटुंबाने मेंढ्यांचे कळप घेऊन दक्षिणेकडे स्थलांतर केले आणि ग्रॅम्पियन्स पर्वतराजीच्या पायथ्याशी मुक्काम केला. या परिसरातील एका टेकडीला होरेशियो यांनी बायबलमधील नोहाच्या कथेवरून अरारात असे नाव दिले. आज तेच तिथल्या शहराचे नाव आहे. पुढे जवळच लेक्सिंग्टन नावाचे त्यांचे विस्तीर्ण कुरण उभे राहिले.

ही भूमी जाबवुरुंग या आदिवासी समाजाची होती. आसपास गोऱ्या वसाहतवाल्यांची मुले जवळपास नव्हतीच, त्यामुळे टॉम यांचे सवंगडी जाबवुरुंग मुले होती. त्यांची भाषा, गाणी आणि नाच त्यांनी इतके आत्मसात केले की, कुटुंबीयांच्या आठवणींत या गोष्टीचा आवर्जून उल्लेख येतो. त्याच वर्षांत या प्रदेशात वसाहतवाले आणि आदिवासी यांच्यात जमिनीवरून रक्तपात चालू होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. ज्या कुरणावर टॉम खेळत होते, ते त्यांच्या सवंगड्यांच्या आईवडिलांकडून हिरावलेले होते.

रग्बीतील वर्षे

१८५० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, विल्स यांना इंग्लंडमधील रग्बी शाळेत पाठविण्यात आले. वकिलीचे शिक्षण घेऊन त्यांनी परतावे, असा वडिलांचा बेत होता. अभ्यासात त्यांची प्रगती बेताचीच राहिली. मैदानावर मात्र ते शाळेच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाले आणि शाळेच्या स्वतःच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्येही त्यांनी नाव कमावले. शाळा सोडल्यावर ते केंटसाठी खेळले. १८५६ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर ऑक्सफर्डविरुद्ध केंब्रिज विद्यापीठाच्या संघातही ते होते, जरी त्या विद्यापीठात त्यांनी कधी शिक्षण घेतले नव्हते. कायद्याची पदवी न घेताच डिसेंबर १८५६ मध्ये ते मेलबर्नला परतले.

सोन्याच्या शोधामुळे मेलबर्न तेव्हा भरभराटीला आले होते. पैसा, फुरसत आणि नुकतेच इंग्लंडहून आलेले तरुण या तिन्हींची शहरात रेलचेल होती. रग्बीचा माजी कर्णधार येथे उतरल्याची बातमी क्रीडाप्रेमींना पुरेशी होती. जानेवारी १८५८ मध्ये मेलबर्न क्रिकेट मैदानावर विल्स यांच्या नेतृत्वाखाली व्हिक्टोरियाने न्यू साउथ वेल्सचा पराभव केला आणि ते वसाहतीचे लाडके खेळाडू बनले. मेलबर्न क्रिकेट क्लबचे सचिवपदही त्यांच्याकडे आले, पण हिशेब आणि कागदपत्रे सांभाळणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अल्पावधीतच त्यांनी ते पद सोडले. क्लबशी त्यांचे संबंध त्यानंतर आयुष्यभर कधी गोड तर कधी कडू राहिले.

फुटबॉलचे नियम

१० जुलै, १८५८ रोजी मेलबर्नमधील एका क्रीडा साप्ताहिकात विल्स यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम ठरविण्यासाठी छोटी समिती नेमावी, अशी सूचना त्यांनी त्यात केली होती. फुटबॉल जमत नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढावा, असेही त्यांनी सुचविले होते. पुढील महिन्यात, ७ ऑगस्ट रोजी, रिचमंडच्या मोकळ्या रानात स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर स्कूल यांच्यात सामना झाला. प्रत्येक बाजूला चाळीस मुले होती. विल्स आणि शास्त्रज्ञ जॉन मॅकॅडम यांनी पंच म्हणून काम पाहिले. सामना आणखी दोन शनिवारी चालू राहिला आणि दोन्ही संघांचा एकेक गोल होऊन अनिर्णित सुटला. या दोन शाळा आजही दरवर्षी परस्परांशी खेळतात.

मे १८५९ मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबची रीतसर स्थापना झाली. १७ मे रोजी एका हॉटेलात विल्स, विल्यम हॅमर्स्ली, जेम्स थॉम्पसन आणि थॉमस स्मिथ यांनी बसून दहा नियम कागदावर उतरविले. विल्स यांचा कल रग्बीच्या नियमांकडे होता. इतरांना ते नियम किचकट आणि धोकादायक वाटले. शाळकरी पोरांचे सोडा, सोमवारी कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांनी मेलबर्नच्या टणक जमिनीवर एकमेकांच्या नडग्या फोडून घ्यायच्या कशासाठी, असा त्यांचा विचार होता. इंग्लंडमधील निरनिराळ्या शाळांचे नियम चाळून अखेर तडजोड झाली. नडगीवर लाथ मारण्यास बंदी आली, पण पाय अडकवून पाडण्यास आणि ढकलण्यास मुभा राहिली. दुसऱ्याने लाथाडलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलणाऱ्यास अडथळ्याविना लाथ मारण्याचा हक्क मिळाला. चेंडू फेकता येणार नव्हता आणि जमिनीवरून उचलताही येणार नव्हता. ऑफसाइडचा नियम ठेवलाच नाही. या एका अभावामुळे खेळाडू मैदानभर पसरू लागले आणि खेळाला आजचे रूप येण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्यांना या खेळाचे जनक म्हटले जाते, त्या विल्स यांचे म्हणणे त्या बैठकीत पूर्णपणे मान्य झाले नव्हते. तरीही सर्वांत कुशल खेळाडू आणि कर्णधार या नात्याने नव्या नियमांत कोणते डावपेच दडलेले आहेत, हे मैदानावर दाखविण्याचे काम मुख्यतः त्यांनीच केले.

पुढे १८६६ मध्ये नियमांची फेररचना झाली, तेव्हा तिचे नेतृत्व विल्स यांचे चुलतभाऊ हेन्री हॅरिसन यांच्याकडे होते. चेंडू हातात घेऊन धावताना तो ठरावीक अंतराने जमिनीवर आपटण्याची अट या वेळी लेखी नियमांत आली. हॅरिसन यांनी विल्स यांची बहीण एमिली हिच्याशी विवाह केला होता. शिस्तप्रिय आणि दीर्घायुषी असलेले हॅरिसन उतारवयात फुटबॉलचे जनक म्हणून गौरविले गेले आणि दीर्घकाळ विल्स यांचे नाव त्यांच्या सावलीत राहिले.

जिलाँग

मेलबर्नच्या नैर्ऋत्येला सुमारे ७५ किलोमीटरवर असलेले जिलाँग हे लोकर निर्यात करणारे बंदर होते. होरेशियो यांनी १८५० च्या दशकात तेथे शेतीवाडी घेतली होती आणि टॉम यांचे घर तेच होते. जुलै १८५९ मध्ये जिलाँगमध्ये फुटबॉल क्लब स्थापन झाला. राजधानीबाहेरच्या या गावाने शहराच्या क्लबांना तोडीस तोड उत्तर द्यावे, यात विल्स यांना विशेष रस होता. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून खेळाडू म्हणून त्यांची निष्ठा प्रामुख्याने जिलाँगशी राहिली. मेलबर्न आणि जिलाँग हे दोन्ही क्लब आजही ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये खेळतात आणि जगातील सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबांत त्यांची गणना होते.

कलिन-ला-रिंगो

१८६१ च्या आरंभी होरेशियो यांनी मध्य क्वीन्सलंडमध्ये नोगोआ नदीच्या खोऱ्यात कलिन-ला-रिंगो नावाची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि टॉम यांना आपल्याबरोबर येण्यास सांगितले. क्रिकेट सोडून मुलाने संसाराला लागावे, हाही त्यामागे एक हेतू होता. दहा हजारांहून अधिक मेंढ्या, बैलगाड्या, नोकरचाकर आणि त्यांची कुटुंबे असा तो तांडा ब्रिस्बेनहून अनेक महिन्यांच्या प्रवासानंतर ऑक्टोबरमध्ये मुक्कामी पोहोचला.

१७ ऑक्टोबर, १८६१ रोजी दुपारी गायिरी समाजाच्या लोकांनी छावणीवर हल्ला केला. स्त्रिया व मुलांसह एकोणीस जण ठार झाले. त्यांत होरेशियो विल्स होते. वाटेत मागे ठेवलेले सामान आणण्यासाठी टॉम दोन सोबत्यांसह बाहेर गेले होते, म्हणून ते वाचले. आदिवासींच्या हातून एकाच वेळी इतके वसाहतवाले मारले गेल्याची दुसरी घटना ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात नाही. शेजारच्या एका कुरणवाल्याने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून काही गायिरी लोकांना आधी गोळ्या घातल्या होत्या आणि त्याचा सूड निरपराध नवागतांवर उगवला गेला, असे टॉम यांचे मत होते.

त्यानंतरचा प्रतिशोध कितीतरी मोठा होता. सशस्त्र वसाहतवाले आणि नेटिव्ह पोलीस दलाने पुढील काळात या प्रदेशातील आदिवासींना शोधून शोधून मारले. मृतांची संख्या ३०० हून अधिक असावी, असाही अंदाज केला जातो. या हत्याकांडात टॉम यांचा स्वतःचा हात होता काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १८९५ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रात आलेला आणि २०२१ मध्ये पुन्हा उजेडात आलेला निनावी लेख ते सहभागी असल्याचे सांगतो. मात्र त्या लेखात इतर तपशिलांच्या चुका आहेत आणि तो घटनेनंतर तीन दशकांनी छापला गेला होता. त्यामुळे काही इतिहासकार त्याला निर्णायक पुरावा मानत नाहीत, तर काहींच्या मते तो दुर्लक्षिताही येत नाही.

टॉम यांनी कुरण पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न केला. झोप उडणे आणि सततची दक्षता यांनी ते पोखरले गेले. दारूचे प्रमाण वाढत गेले. वडिलांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांशी त्यांचे पटेनासे झाले आणि १८६४ मध्ये ते व्हिक्टोरियाला परतले.

१८६६-६७ चा मोसम

व्हिक्टोरियाच्या पश्चिम टोकाला, इडनहोप गावाजवळील लेक वॉलेस या तलावाच्या परिसरात, मेंढ्यांच्या कुरणांवर काम करणारे आदिवासी तरुण १८६० च्या दशकात क्रिकेट खेळू लागले होते. लोकर कातरणे, घोडे सांभाळणे आणि कुंपणे घालणे ही त्यांची रोजची कामे होती. कुरणमालकांनी हौसेने त्यांचे सामने भरविले आणि थोड्याच दिवसांत हे खेळाडू आसपासच्या गोऱ्या संघांना हरवू लागले. कुरणमालक विल्यम हेमन आणि टॉम हॅमिल्टन यांनी या संघाला मेलबर्नला नेण्याचा बेत आखला आणि प्रशिक्षणासाठी विल्स यांना पाचारण केले. नोव्हेंबर १८६६ मध्ये विल्स इडनहोपला पोहोचले.

हे निमंत्रण त्यांनी का स्वीकारले असावे, याविषयी त्यांनी स्वतः काहीही लिहून ठेवलेले नाही. पैशांची निकड हे एक उघड कारण होते. परंतु संघातील बरेचसे खेळाडू जारद्वाजाली समाजाचे होते आणि त्यांची बोली जाबवुरुंगची जवळची बहीण होती. म्हणजे लहानपणी शिकलेली भाषा येथे पुन्हा कामी आली. काही आठवडे तलावाकाठी कसून सराव झाला. जॉनी मुलाग, ज्यांचे मूळ नाव उनारिमिन होते, हे त्यांतील सर्वश्रेष्ठ. फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण या तिन्हींत निपुण. जॉनी कझन्स वेगवान गोलंदाज, तर बुलॉकी यष्टिरक्षक होते. टारपॉट यांची उलट्या पावलांनी धावण्यात ख्याती होती.

२६ डिसेंबर, १८६६ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर या संघाचा मेलबर्न क्रिकेट क्लबशी सामना सुरू झाला. सुमारे दहा हजार प्रेक्षक जमले होते. ज्यांना आपल्या भूमीवरून हुसकावून लावले होते त्यांनाच पाहायला शहर लोटले होते, आणि मैदानावर त्यांच्यासाठी टाळ्या वाजत होत्या. सामना क्लबने नऊ गडी राखून जिंकला. तरीही मुलाग आणि कझन्स यांच्या खेळाने जाणकारांची मने जिंकली आणि विल्स यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. पाच वर्षांपूर्वी वडील गमावलेला माणूस आदिवासींचे नेतृत्व करीत आहे, या गोष्टीची नोंद समकालीन वृत्तपत्रांनीही घेतली.

यानंतरची कहाणी मात्र विटत गेली. कॅप्टन गर्नेट नावाच्या एका प्रवर्तकाने संघाला सिडनी आणि पुढे इंग्लंडला नेण्याचा करार केला. त्याच्याकडे पैसे नव्हते. हुंड्या न वटताच परत आल्या. फेब्रुवारी १८६७ मध्ये सिडनीच्या अल्बर्ट मैदानावर कराराच्या वादातून विल्स यांनाच अटक झाली. इंग्लंडचा दौरा बारगळला आणि खेळाडू परक्या शहरात निराधार झाले. दारूने संघात शिरकाव केला होता आणि त्या बाबतीत विल्स यांच्या उदाहरणाचा उपयोग होण्यासारखा नव्हता. त्या हंगामात आणि परतीच्या वाटेवर आजारपणाने काही खेळाडू दगावले.

संघाची पुढील बांधणी इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले चार्ल्स लॉरेन्स यांनी केली. विल्स यांना त्यात स्थान नव्हते. १८६८ मध्ये लॉरेन्स यांच्या नेतृत्वाखाली तेरा आदिवासी खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. इंग्लंडचा दौरा करणारा तो ऑस्ट्रेलियाचा पहिलाच क्रिकेट संघ होय. ४७ सामन्यांपैकी १४ त्यांनी जिंकले, १४ गमावले आणि १९ अनिर्णित राहिले. मुलाग यांनी १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीतील सामनावीराला २०२० पासून दिले जाणारे मुलाग पदक त्यांच्याच नावाचे आहे. पहिले पदक त्या वर्षी भारताचे कर्णधार, मुंबईकर अजिंक्य रहाणे यांना मिळाले होते. ज्या मैदानावर आणि ज्या तारखेला तो सामना सुरू झाला, ते मैदान आणि ती तारीख १८६६ चीच होती.

उतरता काळ

विल्स यांना रोजगार हवा होता, परंतु हौशी खेळाडूचा दर्जा गमावणे कुटुंबाला आणि त्यांना स्वतःलाही परवडणारे नव्हते. मेलबर्न क्रिकेट क्लबने त्यांना पगारावर नेमताना व्यावसायिक न म्हणता शिक्षक असे नाव देऊन हा पेच सोडविला. गोलंदाजीतील त्यांचा हात पूर्वीपासून संशयास्पद मानला जात असे. ते लोकप्रिय होते तोवर पंच डोळेझाक करीत आले. १८७२ मध्ये मात्र व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांच्या सामन्यात चेंडू फेकल्याबद्दल त्यांना नो-बॉल देण्यात आला. १८७४ मध्ये डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा इंग्लिश संघ दक्षिण ऑस्ट्रेलियातील काडिना या तांब्याच्या खाणींच्या गावी आला, तेव्हा स्थानिक संघाकडून विल्स खेळले. १८७६ मध्ये ते व्हिक्टोरियाकडून शेवटचे खेळले. पुढच्याच वर्षी मेलबर्नला पहिला कसोटी सामना झाला. त्यात त्यांचा कोणताही सहभाग नव्हता.

कर्ज वाढत गेले. जिलाँग सोडून ते मेलबर्नच्या बाहेरील हायडेलबर्ग या खेड्यात सारा बार्बोर यांच्यासह राहू लागले. त्यांचा विवाह कधी झाला नाही आणि विल्स कुटुंबाने त्यांचे नाते मान्य केले नाही. १८८० च्या एप्रिलअखेर दारू अचानक सुटल्यामुळे विल्स यांना भयभ्रम होऊ लागले. १ मे रोजी त्यांना मेलबर्नच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले, पण ते तेथून निघून गेले. दुसऱ्या दिवशी हायडेलबर्गच्या घरी, भ्रमिष्ट अवस्थेत, त्यांनी आपले जीवन संपविले. ते ४४ वर्षांचे होते. हायडेलबर्गच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले, तेव्हा कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

मार्नग्रूकचा वाद

पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी पोसम या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू उंच लाथाडून तो झेलण्याचा खेळ खेळत. मार्नग्रूक या नावाने तो ओळखला जातो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये उंच उडी मारून झेल घेण्याला असलेले महत्त्व पाहता, बालपणी जाबवुरुंग मुलांसोबत खेळलेल्या विल्स यांनी ही कल्पना तेथून घेतली असावी, असे अनेकांना वाटते. या मताचे विरोधक असे दाखवून देतात की, विल्स किंवा नियम लिहिणाऱ्या इतरांच्या उपलब्ध लिखाणात मार्नग्रूकचा एकही उल्लेख नाही आणि १८५९ च्या दहा नियमांचा उगम इंग्लिश शाळांच्या नियमांत दाखविता येतो. उंच झेल घेण्याची शैलीही त्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झाली. २००८ मध्ये खेळाला १५० वर्षे पूर्ण होताना इतिहासकार जिलियन हिबिन्स यांनी हा संबंध नाकारला आणि त्यावरून मोठा वाद उसळला. ज्यांच्या भूमीवर हा खेळ जन्मला, त्यांचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता असे म्हणणे आदिवासी खेळाडूंना मान्य होण्यासारखे नव्हते. विल्स यांच्या बालपणाविषयीचे लिखित पुरावे थोडे आहेत आणि प्रश्न आजही मिटलेला नाही.

स्मृती

मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, त्यांच्या कबरीवर दगड बसविण्यात आला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेम सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचे नाव होते. मार्टिन फ्लॅनागन यांनी त्यांच्या जीवनावर १९९८ मध्ये कादंबरी लिहिली. मानसोपचारतज्ज्ञ ग्रेग डी मूर यांनी रुग्णालयाची जुनी कागदपत्रे आणि कुटुंबाचा पत्रव्यवहार शोधून २००८ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. मेलबर्न क्रिकेट मैदानाबाहेर २००१ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. १८५८ च्या शालेय सामन्याचे रान हे याच परिसरात होते. पुतळ्यात विल्स खेळाडू म्हणून नव्हे, तर दोन मुलांच्या झटापटीत पंच म्हणून उभे दाखविले आहेत.